केस थोडे कमीच बरे

सकाळी साडेसात

नारायण पेठेतल्या आमच्या जागेला रस्त्यावरून दिसेल अशी पाटी नाही. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलं की दारावर आडनावाची एक पितळी पट्टी दिसते, तेवढीच. नवं गिऱ्हाईक आत येऊन बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे कुणी ओळखीचं येत नाही ना?" येतात की. पण आमच्या बाकावर बसलेला माणूस समोरच्याला ओळख दाखवत नाही, हा न लिहिलेला नियम सगळे पाळतात.

वडील नाटकांचे टोप करायचे. माझं मुख्य काम पॅचचं, म्हणजे टकलापुरत्या बसवायच्या केसांचं. टोप अजून होतात, पण त्यावर घर चालत नाही.

सकाळचं पहिलं काम धुण्याचं. सर्व्हिसिंगला आलेले पॅच पसरट टबात कोमट पाण्यात सोडायचे, सल्फेट नसलेला शाम्पू पाण्यातच कालवायचा आणि केसांच्या दिशेने, वरून खाली, नुसता हात फिरवायचा. चोळलं की संपलं. कंडिशनर फक्त लांबीला आणि टोकांना. पॅचच्या जाळीला लागला की केस बांधलेल्या गाठी निसरड्या होतात आणि एकेक केस सुटून येतो. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं, पिळायचं नाही, आणि लाकडी डोक्यावर चढवून सावलीत ठेवायचं. विंचरायचं ते टोकाकडून वर वर जात. आपल्या डोक्यावरच्या केसाला मुळाशी तेल मिळत असतं, पॅचच्या केसाला कुणी वाली नाही. म्हणून न धुता ठेवायचं एक कंडिशनर वाळल्यावर थोडंसं लावावंच लागतं. खोबरेल नको. ते टेपपर्यंत उतरतं आणि टेप सोडवतं.

नऊ

ऑफिसच्या आधी येणारी मंडळी ही. वाघोलीहून येणारा एक आयटीवाला मुलगा आहे. त्याला दर तीन आठवड्यांनी ये म्हणून सांगितलंय, तो पाचव्या आठवड्यात उगवतो.

"काका, रिलीज होतं."

"तुझं रिलीज होतं, पण टेपला कळत नाही ना रे."

त्याचा पॅच चिकटवायचा आहे, क्लिपचा नाही. कडेने रिमूव्हरचा फवारा मारून दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं असतं. हीच दोन-तीन मिनिटं घरी लोकांना धरवत नाहीत. ओढतात, आणि लेस फाटली की माझ्याकडे घेऊन येतात. डिंक सुटला की कडा आपणच उचलली जाते. आज त्याचा पॅच निघाला तेव्हा खाली करड्या रंगाचा चिकट थर, त्यात अडकलेली कोंड्याची पापुद्री, आणि कपाळाच्या वरच्या अंगाला दोन लाल पुटकुळ्या. पाच आठवड्यांच्या घामाचा हा हिशेब. खालचे वाढलेले केस मशीनने काढले, डोकं धुतलं, आणि पॅच न लावता त्याला अर्धा तास तसंच बसवलं. टेप पुटकुळ्या टाळून लावली. आठवड्यात त्या बसल्या नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा, असं बजावलं. पुटकुळीवर टेप लावून देणारा माणूस तुमचा मित्र नव्हे.

केस राठ झाले होते ते मात्र त्याच्या हलगर्जीने नाही. तिकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी. त्यातला क्षार केसावर बसतो, केस निस्तेज होतो, हाताला खरखरतो. उपाय साधा आहे. शेवटचे दोन मग फिल्टरच्या पाण्याचे. शिवाय हेल्मेट. आत सुती टोपी घालायची आणि काढताना हेल्मेट सरळ वर उचलायचं. मागून पुढे ओढलं की पुढची टेप उचकटते, आणि सगळं सोंग त्या पुढच्या अर्ध्या इंचावर तर उभं असतं.

अकरा

नवं गिऱ्हाईक. वय पन्नाशीच्या आसपास, बँकेत अधिकारी, सोबत मुलगी. दोन महिन्यांनी तिचंच लग्न. साहेबांनी पाकिटातून कॉलेजातला फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. भरगच्च केस, कपाळावर आलेली झुलपं. "अगदी असं पाहिजे."

हा फोटो जवळजवळ प्रत्येकाच्या पाकिटात असतो. आणि माझ्या धंद्यातलं निम्मं कौशल्य तो फोटो गोडीगुलाबीने परत पाकिटात घालायला लावण्यात आहे. पन्नाशीच्या चेहऱ्यावर विशीचे केस ठेवले की बघणाऱ्याची नजर आधी केसांवर जाते, मग चेहऱ्यावर. पॅच ओळखू येतो तो बहुतेक वेळा स्वस्त असतो म्हणून नाही, जास्त असतो म्हणून.

पहिला प्रश्न रेषेचा. भुवयांच्या मधून वर चार बोटं हा न्हाव्यांचा जुना हिशेब. या वयाला मी त्याच्याही थोडं वर जातो आणि दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या वर, थोडी खाच ठेवतो. सरळ पट्टीने आखल्यासारखी रेषा देवाने कुणाला दिलेली नाही. पुढच्या ओळीत एका गाठीत एकच केस, तोही मागेपुढे, विरळ. मागे जाताना दाट. काळ्या केसाची गाठ जाळीवर काळ्या ठिपक्यासारखी दिसते, म्हणून पुढच्या गाठी ब्लीच करून फिकट करतात. हेही बेताने, कारण ब्लीच जास्त झालं की केस गाठीतच तुटतो.

मग बेस. लेस सर्वांत खरी दिसते, हवा खेळते, पण नाजूक. मोनोफिलामेंट दणकट, वर्षभर टिकू शकते, पण तिची कड कपाळाशी लपत नाही. पातळ पॉलियुरेथेनचा, ज्याला आम्ही स्किन बेस म्हणतो, तो कातडीसारखा बसतो, टेप पुसायला सोपा, मात्र घाम आत कोंडतो आणि फार पातळ घेतला तर तीन-चार महिन्यांत हात टेकतो. साहेबांना पुढे लेस, मध्ये मोनो आणि कडेने टेपसाठी स्किनची पट्टी असा मेळ सुचवला. पुण्याच्या एप्रिलमध्ये रोज स्कूटरवर फिरणाऱ्याला नुसत्या स्किनमध्ये घालू नये.

"क्लिपचा का नको?" मुलीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. क्लिपचा पॅच रोज रात्री काढता येतो, डोक्याला आराम मिळतो, खाली केस काढावे लागत नाहीत. पण क्लिप ज्या केसांना धरते त्यांना रोज ओढ बसते आणि वर्षानुवर्षं त्याच जागी लावली तर तिथले चांगले केसही जातात. तिच्या वडिलांच्या बाजूचे केस आधीच बारीक झालेले, त्यांना आणखी भार नको. दाट, दणकट बाजू असलेल्याला मी क्लिपच देतो.

माप घेताना डोक्यावर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म ताणून बसवली, त्यावर सेलोटेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवत गेलो. कडक टोपी तयार होते. त्यावर मार्करने टकलाची हद्द, पुढची रेषा, भोवरा कुठे आणि केस कुठल्या दिशेने फिरतात त्याचे बाण. भोवरा विसरलेला पॅच मागून ओळखू येतो, आणि लिफ्टमध्ये माणसं मागेच उभी असतात.

रंगाला सगळ्यात वेळ लागला. साहेब म्हणाले काळा करा. मी त्यांना खिडकीशी नेलं, आरसा हातात दिला. ट्यूबलाइटखाली रंग ठरवणारा कारागीर आणि गिऱ्हाईक दोघंही फसतात. बाजूचे केस निम्मे पांढरे. वरती मात्र माणूस बाजूंपेक्षा कमी पिकलेला असतो, म्हणून पॅचमध्ये पांढरं प्रमाण १५ ते २० टक्के पुरे, पुढे कानशिलांकडे थोडं जास्त. हे पांढरे केस बहुधा कृत्रिम असतात, कारण माणसाचा पिकलेला केस प्रक्रियेत टिकत नाही, पिवळा पडतो. म्हणून अशा पॅचवर गरम ड्रायर आणि इस्त्रीची मशीन चालत नाही, हे लिहून दिलं. शेवटी बाजूच्या आणि मागच्या केसांच्या दोन बटा कापून पाकिटात घातल्या. नमुन्याशिवाय ऑर्डर पाठवणं म्हणजे ब्लाउजपीस न नेता मॅचिंग अस्तर आणणं.

घनता मी त्यांनी मागितली त्याच्या एक पायरी खाली लिहिली. "इतके विरळ?" साहेब जरा पडल्या चेहऱ्याने म्हणाले. त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी दहावीत होते तेव्हा तुमचे एवढेच होते." साहेबांनी मान डोलावली. घरचं माणूस सोबत आणा असं मी सांगतो ते याचसाठी.

ऑर्डरचा पॅच यायला महिना-दीड महिना जातो. लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा घालू नका, आला की लगेच घालायला लागा, म्हटलं. आठ दिवस ऑफिसात कुजबुज होईल, नवव्या दिवशी लोकांना दुसरा विषय सापडेल. टेपचे दोन तुकडे दंडाच्या आतल्या बाजूला लावून परत पाठवलं. दोन दिवसांत खाज, लाली आली तर टेप बदलायची.

एक

केसांचं पार्सल आलं. याच्याविषयी लोक कधीच विचारत नाहीत, आणि विचारायला हवं ते हेच.

बाजारात दोन तऱ्हेचा माल असतो. एक मुंडणाचा किंवा कापलेल्या वेणीचा. तिरुमलासारख्या देवस्थानांत भाविक केस देतात आणि देवस्थान ते लिलावाने विकतं. यात मूळ एका बाजूला, टोक दुसऱ्या बाजूला, असं सरळ राहतं. दुसरा माल गुंतवळाचा. आपल्याकडे दारावर केस घेऊन भांडी देणाऱ्या बायका येतात, त्या गुंतवळाचं पुढे काय होतं असा प्रश्न लहानपणी पडायचा. ते गोळा होत होत कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातं. तिथे बायका बसून हाताने एकेक गुंता सोडवतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. पण मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात. केसाला बारीक खवले असतात, ते मुळाकडून टोकाकडे झुकलेले. उलटसुलट केस शेजारी आले की खवले एकमेकांत अडकतात. म्हणून हा माल आम्लात बुडवून खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात तो सगळ्यात जास्त चमकतो. पाच-सहा धुण्यांत मुलामा उतरतो आणि मग केसांची गादी होते.

तपासायची रीत सोपी. एक केस दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे सरकवा, मग उलट. एका बाजूला जरा अडखळला तर खवले शाबूत आहेत. दोन्हीकडून काचेसारखा घसरला तर सावध व्हा. मानवी की कृत्रिम याची शंका असेल तर एक केस काडीने जाळा. खरा केस जळका वास सोडून राख होतो, चुरगळतो. कृत्रिम वितळून टोकाला मणी धरतो. आजच्या पार्सलमधल्या एका जुडीवर मी परत पाठवण्याची खूण केली. भाव चांगला होता. केस नव्हता.

दीड

डबा. पंखा बंद करून खातो, कारण खोलीत केस उडतात.

तीन

बायकांचं काम माझी बायको बघते. त्या वेळी मी मागच्या खोलीत गाठी मारत बसतो आणि पडद्याआडचं बोलणं कानावर येतं.

आज आलेल्या बाईंची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती. केस गळायला बहुतेकींना दोन-तीन आठवडे लागतात. त्या आधीच आल्या हे फार बरं झालं, कारण केस असताना रंग, पोत आणि मुख्य म्हणजे भांग नीट बघता येतो. यांना पॅच नाही, पूर्ण विग. केमोच्या डोक्याला टेप, डिंक, क्लिप काहीच नको. कातडी नाजूक होते. आत मऊ सुती टोपी, आणि मागे पट्टे असलेला विग, कारण केस गेले की डोक्याचं माप किंचित घटतं.

बाईंचा विग पकडला जातो तो भांगात. जाळीतून दिसणारी काळ्या ठिपक्यांची ओळ आणि तिच्या खाली कातडीऐवजी करडी सावली. ज्या बाईने आयुष्यभर मधला भांग पाडला, तिच्यासाठी तिथे गाठी आत लपवलेला सिल्क टॉप घ्यावा आणि तो तिच्या वर्णाशी जुळवावा. बायकोने खडूने त्यांचा भांग कुठे सुरू होतो, किती वाकडा आहे ते टिपून घेतलं. वाकडाच ठेवायचा.

"ताई, यावर गजरा माळता येईल का हो?"

"येईल. फक्त मागच्या पट्ट्यांना पिन लावायची, वरच्या जाळीला नाही. मी तुम्हाला जागा दाखवून ठेवते."

नंतर कृत्रिम केसांच्या विगवर बोलणं झालं. हलका, स्वस्त, धुतला तरी वळण तेच राहतं. सहा-आठ महिन्यांच्या उपचारापुरता तो पुष्कळांना पुरतो. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक सांगावंच लागतं. कुकरचं झाकण उघडताना, ओव्हनमध्ये वाकताना तो काढून ठेवायचा. वाफेने पुढचे केस चुरमडतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. उपचार संपल्यावर बहुतेकींचे केस परत येऊ लागतात, कधी वेगळ्या वळणाचे. विग त्या मधल्या काळासाठी आहे, हे बायकोने दोनदा सांगितलं. अशा विगसाठी हौसेने केस दान करणाऱ्यांनाही मी एक सांगतो. एका विगला अनेक वेण्या लागतात आणि रंगवलेला, आखूड केस फारसा कामी येत नाही.

साडेचार

फोनची वेळ. गुलालात नाचलो, आता काय? आधी वाळलेलाच झटका, पाणी शेवटी. एमआरआय आहे, पॅच काढावा का? क्लिपचा असेल तर काढाच, आणि चिकटवलेला असेल तरी तिथल्या लोकांना आधी सांगा. वडील गेले, दहाव्याला घाटावर बसायचंय. त्याला म्हटलं, अरे काढून ठेव, आणि बस. तिथे कुणी बघायला आलेलं नसतं. तेरावं झालं की ये, बाजूचे केस वाढेपर्यंत काय करायचं ते बघू.

आणि एक, नेहमीचा. मुलगी बघायला चाललोय, सांगू का? सांग. पहिल्या भेटीत नाही तर दुसऱ्या भेटीत, पण साखरपुड्याच्या आधी. पॅच म्हणजे फसवणूक नाही. लपवून लग्न करणं ही आहे.

सहा

एका हौशी संघाचं ऐतिहासिक नाटक आहे, त्यांचे टोप न्यायला दोन पोरं आली. रंगमंचावरचा टोप वीस फुटांवरून बघायचा असतो, त्याला केस जास्तच लागतात, रेषाही ठळक. स्पिरिट गमने चिकटवा, प्रयोग संपला की पुसून काढा. वडिलांचा हात या कामात बसलेला होता आणि सुरुवातीला पॅचवाल्यांना ते याच मापाने द्यायचे. दोन फुटांवरून, बसच्या शेजारच्या सीटवरून बघितला जाणारा केस वेगळा बांधावा लागतो. आजही बाजारात निम्मे पॅच वीस फुटांसाठीच बांधलेले असतात, असं माझं मत आहे.

पोरांना टोप मोजून दिले. परत मोजून घेईन, हेही सांगितलं.

साडेसात

शेवटची एक तरुण मुलगी, हातात केसांनी भरलेली पिशवी. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. कंगव्यात मूठभर येतात म्हणून घाबरून आलेली, पैसेही घेऊन आलेली. मी भांग बघितला, बाजू बघितल्या. कुठे चट्टा नाही, सगळीकडून सारखे गळताहेत, आणि कपाळाशी बारीक नवे केस उगवताना दिसताहेत. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुधा काही महिन्यांत भरून येतं. तिला त्वचेच्या डॉक्टरकडे जा, थायरॉइड, लोह तपासून घे म्हटलं. अशांना पॅच विकायचा नाही. चाईचा गोल चट्टा घेऊन येणाऱ्यालाही आधी डॉक्टर, कारण तिथे केस परत येण्याची शक्यता असते आणि त्यावर टेप लावून आपण उगाच त्रास देतो. टक्कल रुळलेलं असेल, औषधं करून झाली असतील किंवा करायची नसतील, तेव्हा पॅच.

तिने विचारलं, "तपासायचे किती?" काही नाही. पिशवी मात्र इथे ठेवून जा म्हटलं. ती जवळ ठेवून रोज मोजत बसण्यात अर्थ नाही.

नऊ

दिवसाचा पसारा आवरताना एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती पहिल्या फोनवर कुणी विचारत नाही. पॅच एकदा घेऊन संपत नाही. रोज वापरला तर मानवी केसांचा चांगला पॅच सहा महिने ते वर्ष जातो. उन्हाने त्याचा काळा रंग हळूहळू तांबूस होतो, तुमचे बाजूचे केस तेवढ्यात आणखी पिकतात, आणि दोघांची जुळवणी पुन्हा करावी लागते. म्हणून किंमत विचारताना वर्षाची विचारा, पॅच, टेप आणि दर तीन-चार आठवड्यांचं सर्व्हिसिंग धरून. जमत असेल तर दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा, एक धुवायला आला की दुसरा डोक्यावर.

आणि पहिल्यांदा याल तेव्हा केस न कापता, तेल न लावता या. दिवसाउजेडी या. खरं बोलणारं घरचं एक माणूस सोबत आणा. कॉलेजातला फोटो घरी ठेवा, पाच-सात वर्षांपूर्वीचा आणा.